धांवण्याचें कारण

इंग्रजी ग्रंथविक्रेत्यांच्या मांडणीवर गेल्या अर्धशतकांत एक नवा वाङ्मयप्रकार येऊन बसला आहे. त्यास निश्चित असें नांव नाहीं. आपण सोयीसाठीं त्याला 'धांवणाऱ्याचें आत्मवृत्त' म्हणूं. पूर्वीं शर्यतींविषयीं लिहीत ते जिंकणारे. ज्याच्या गळ्यांत पदक पडलें त्यानें तें कसें पडलें हें सांगावें, आणि ज्याच्या गळ्यांत पडलें नाहीं त्यानें तें वाचावें, अशी सरळ वांटणी होती. या नव्या प्रकारांत तसें नाहीं. येथें लेखक हा बहुधा चाळिशीच्या आसपासचा, बैठ्या धंद्याचा, पोट सुटूं लागलेला गृहस्थ असतो. तो एके दिवशीं सकाळीं जोडा चढवून घराबाहेर पडतो, दोन गल्ल्या ओलांडतांच धापा टाकीत परततो, आणि दहावीस वर्षांनीं त्याच गोष्टीवर पुस्तक लिहितो. शर्यतींत तो चार हजारावा आला असला तरी त्याच्या लेखनास बाध येत नाहीं. उलट तो पहिला आला असता तर हें पुस्तक कदाचित् त्याच्या हातून उतरलेंच नसतें.

अशीं कांहीं पुस्तकें आम्हीं गेल्या वर्षभरांत वाचलीं, आणि तीं वाचतांना आम्हांस एक संवय लागली. प्रेमकथा हातीं आली म्हणजे नायकनायिकांची पहिली भेट कोठें आहे तें पान जसे पुष्कळ वाचक आधीं शोधतात, तसें या पुस्तकांत लेखकानें धांवावयास आरंभ कां केला हें सांगणारें पान आम्ही आधीं शोधूं लागलों. तें पान प्रत्येक पुस्तकांत असतेंच. आमचें असें मत झालें आहे कीं पुस्तकाचा खरेखोटेपणा त्या एका पानावर जितका उघडा पडतो तितका इतरत्र कोठेंहि पडत नाहीं. पुढील पानांवर मैल आहेत, मिनिटें आहेत, गुडघ्यांचीं दुखणीं आहेत. त्यांत खोटें बोलण्याचें कोणास विशेष प्रयोजन नसतें. पण 'कां' या प्रश्नाचें उत्तर मनुष्य बहुधा मागाहून रचतो, आणि रचतांना स्वतःस अर्धा हात उंच करून घेतो.

ज्या आख्यायिकेवरून मॅरेथॉन शर्यतीस तिचें नांव मिळालें, तींतील धांवणाऱ्याला ही अडचण नव्हती. इ. स. पूर्व ४९० मध्यें मॅरेथॉनच्या रणांगणावरून विजयाची वार्ता घेऊन तो अथेन्सला गेला, ती सांगितली आणि तेथेंच कोसळला, असें म्हणतात. हिरोडोटसच्या इतिहासांत ही कथा नाहीं. त्यांतील फिडिपिडीझ धांवतो तो अथेन्सहून स्पार्टाला, आणि तोहि मदत मागण्यासाठीं. अथेन्सची कथा शेंकडों वर्षांनंतरच्या ग्रंथकारांची आहे, व १९ व्या शतकांत ब्राउनिंगनें तिजवर कविता केल्यावर ती इंग्रजी शिकलेल्या घरांतून पोंचली. कथा खरी असो वा नसो, तिच्यांत कारण आहे. त्या मनुष्याजवळ निरोप होता. १८९६ सालच्या अथेन्स येथील ऑलिंपिक सामन्यांत ही शर्यत प्रथम ठेवण्यांत आली. तेव्हांपासून लक्षावधि स्त्रीपुरुष तें अंतर धांवून गेले आहेत, आणि शेवटच्या रेषेवर पोंचून सांगण्याजोगा निरोप त्यांच्यापैकीं कोणाजवळच नाहीं. तेव्हां ते धांवले कशासाठीं? या पुस्तकांचा खरा विषय हा आहे.

बिल बॉवरमन या अमेरिकन शिक्षकानें न्यूझीलंडमध्यें साध्या नागरिकांस हलकें हलकें धांवतांना पाहिलें, आणि १९६७ सालीं 'जॉगिंग' नांवाचें पुस्तक एका डॉक्टराच्या साह्यानें प्रसिद्ध केलें. तें निव्वळ मार्गदर्शक होतें; त्यांत आत्मवृत्त नव्हतें. या प्रकाराला लोकप्रियता आली ती जिम फिक्स यांच्या १९७७ सालच्या 'दि कंप्लीट बुक ऑफ रनिंग' या ग्रंथानें. त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. तांबड्या मुखपृष्ठावर धांवणाऱ्या दोन पायांचें छायाचित्र आहे. ते पाय फिक्स यांचेच. त्यांचें आरंभाचें पान असें आहे: १९६७ साल, वय ३५, वजन दोनशें पौंडांहून अधिक, दिवसाला सिगरेटच्या दोन डब्या, आणि टेनिस खेळतांना दुखावलेला पाय. तो पाय बळकट व्हावा म्हणून ते धांवूं लागले. दहा वर्षांनीं त्यांचें वजन साठ पौंडांनीं उतरलें होतें आणि सिगरेट सुटली होती.

पान प्रामाणिक आहे. दुखावलेल्या पायासारखें क्षुल्लक कारण सांगण्यांत फिक्स यांस संकोच वाटला नाहीं, याबद्दल त्यांचें कौतुक केलें पाहिजे. त्यांची भाषा मासिकांच्या संपादकाची आहे, म्हणजे स्वच्छ, खेळकर आणि वाचकाला कोठेंहि अडूं न देणारी. परंतु त्या पानानंतर ग्रंथाचा सूर बदलतो. दुखावलेला पाय मागें राहतो आणि त्याच्या जागीं एक सौदा येऊन उभा राहतो: तुम्ही इतके मैल द्या, तुम्हांस इतकें आरोग्य, इतकी शांत झोंप, इतका उल्हास मिळेल. वाण्याच्या दुकानांत ज्याप्रमाणें तागडीच्या दोन्ही पारड्यांवर नजर ठेवावी लागते, त्याप्रमाणें हा ग्रंथ वाचणारा आपल्या घामाच्या बदल्यांत काय पडलें हें पाहूं लागतो. लाखों लोकांनीं हा सौदा मान्य केला. पुष्कळांना त्यांतून लाभहि झाला, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं.

२० जुलै १९८४ रोजीं व्हरमॉन्ट प्रांतांतील हार्डविक या गांवीं नित्याचें धांवणें आटोपतां आटोपतां फिक्स यांचा रस्त्याच्या कडेला हृदयविकारानें अंत झाला. वय अवघें ५२. शवपरीक्षेंत त्यांच्या हृदयास रक्त पुरविणाऱ्या धमन्या फार अरुंद झालेल्या आढळल्या. मग जें व्हावयाचें तेंच झालें. ज्यांनीं कधीं जोडा चढविला नव्हता त्यांना आपल्या आळसाचें शास्त्रोक्त समर्थन मिळालें, आणि पुढें कित्येक वर्षें हें नांव विनोदासाठीं वापरण्यांत आलें. वास्तविक पाहतां या मृत्यूनें धांवण्याविरुद्ध कांहींच सिद्ध होत नाहीं. फिक्स यांच्या वडिलांना ३५ व्या वर्षीं हृदयविकाराचा पहिला झटका आला होता आणि ४३ व्या वर्षीं दुसऱ्या झटक्यानें ते गेले. मुलगा त्यांच्यापेक्षां ९ वर्षें अधिक जगला. तीं ९ वर्षें धांवण्यानें दिलीं असें कोणी म्हटल्यास तें सिद्ध करतां येणार नाहीं, तसेंच खोडतांहि येणार नाहीं. मोडली ती धांवण्याची उपयुक्तता नव्हे, सौद्याची भाषा मोडली.

या ठिकाणीं वाचकांनीं दोन वर्षसंख्या शेजारीं शेजारीं ठेवून पाहाव्या अशी आमची विनंति आहे. वडिलांना पहिला झटका आला तो ३५ व्या वर्षीं. मुलगा धांवूं लागला तोहि ३५ व्या वर्षीं. टेनिस खेळतांना पाय दुखावला हें खोटें नाहीं. पण जगांत अनेकांचे पाय दुखावतात आणि ते लेप लावून स्वस्थ बसतात. याच मनुष्याला याच वर्षीं उठून पळावेंसें कां वाटलें? आम्हांस तर असें दिसतें कीं पाय हें निमित्त होतें आणि पाठीमागें दुसरेंच कोणी लागलें होतें. हा आमचा तर्क आहे. त्याला पुरावा नाहीं. तो आम्हांस सुचला याचें कारण मात्र आमच्यापाशीं आहे, आणि टीकाकारानें आपलें चष्म्याचें भिंग कोठें घासलें हें एकदां सांगून टाकावें हें बरें. आमचे वडील त्यांच्या ५४ व्या वर्षीं, एका दुपारीं, आरामखुर्चींत वर्तमानपत्र वाचीत असतां गेले. आम्हांस गेल्या चैत्रांत ५४ वें लागलें. त्याच महिन्यांत आमच्या डॉक्टरांनीं रक्तांतील साखरेचा आंकडा पाहून, अध्यापकांनीं वर्गांत उभें राहणें म्हणजे व्यायाम नव्हे, असें आम्हांस हंसत हंसत सांगितलें. आणि पुढच्या सोमवारीं पहाटें आम्ही कॉलेजच्या मैदानावर गेलों. पहिल्या दिवशीं आमच्यानें मैदानाची अर्धी फेरीहि पुरी झाली नाहीं. हीं पुस्तकें आम्हीं त्यानंतर वाचावयास घेतलीं.

डॉ. जॉर्ज शीहन यांच्याविषयीं आम्ही थोडक्यांत आटोपतों. हे न्यू जर्सींतील हृदयरोगतज्ज्ञ, बारा मुलांचे वडील. तरुणपणीं कॉलेजांत धांवत असत. मग सोडून दिलें, आणि वयाच्या पंचेचाळिशींत, वैद्यकींत मन रमेना म्हणून, पुन्हां आरंभ केला. पन्नाशींत त्यांनीं एक मैल ५ मिनिटांच्या आंत काटला, ही कांहीं लहान गोष्ट नव्हे. त्यांचा 'रनिंग अँड बीइंग' हा ग्रंथ १९७८ चा. फिक्स यांनीं ज्या जागीं सौदा ठेवला, त्या जागीं शीहन तत्त्वज्ञान ठेवतात. एमर्सन आला, थोरो आला, विल्यम जेम्स तर पावलोपावलीं आला. विद्वत्तेला आम्ही नांवें ठेवीत नाहीं. आमचा चरितार्थच तिजवर चालतो. पण धापा टाकणाऱ्या मनुष्याच्या तोंडीं इतकीं अवतरणें सुचतील हें आम्हांस पटत नाहीं. ज्यानें आयुष्याला कंटाळून धांवावयास घेतलें त्यानें तो कंटाळा चार पानें उघडा ठेवावयास हवा होता. शीहन त्यावर लगेच रेशमी उपरणें घालतात. १९९३ सालीं ते कर्करोगानें वारले. त्या आजारांत लिहिलेलें व त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेलें 'गोइंग द डिस्टन्स' हें पुस्तक आम्हांस अधिक मोलाचें वाटलें. त्यांत उपरण्याला अवसर राहिला नाहीं.

आतां ज्या ग्रंथासाठीं हा लेख लिहावयास घेतला त्याकडे वळूं. जपानी कादंबरीकार हारुकी मुराकामी यांचें हें छोटें पुस्तक २००७ सालीं जपानींत निघालें आणि दुसऱ्याच वर्षीं फिलिप गेब्रिएल यांच्या इंग्रजी भाषांतरानें आमच्यासारख्यांना वाचतां आलें. 'व्हॉट आय टॉक अबाउट व्हेन आय टॉक अबाउट रनिंग' असें त्याचें लांबलचक नांव आहे. तें रेमंड कार्व्हर या अमेरिकन कथाकाराच्या एका कथासंग्रहाच्या नांवावरून घेतलेलें आहे. २००५ च्या उन्हाळ्यापासून पुढल्या वर्षाच्या शरदापर्यंत लिहिलेलीं हीं टिपणें आहेत. ना धड आत्मचरित्र, ना धड मार्गदर्शक.

मुराकामी यांचें आरंभाचें पान आम्हीं तीनदां वाचलें. तोकियो येथें ते व त्यांची पत्नी मिळून एक जॅझ संगीताचें उपाहारगृह चालवीत असत. तेथें रात्रीं उशिरापर्यंत उभ्यानें राबावें लागे. कादंबऱ्या लिहून पोट भरण्याइतका धीर आल्यावर त्यांनीं तें विकलें आणि ते मेजाशीं बसले. राबणें थांबलें, वजन वाढूं लागलें. सिगरेटचा आंकडा दिवसाला साठांवर गेला. लेखकाचा धंदा दीर्घकाळ करावयाचा तर शरीर टिकलें पाहिजे, असा त्यांनीं हिशेब केला. धांवण्याला जोडीदार लागत नाहीं, विशेष साहित्य लागत नाहीं, कोठें दूर जावें लागत नाहीं, म्हणून धांवणें. साल १९८२, वय ३३. झालें, एवढेंच. यांत साक्षात्कार नाहीं, वैराग्य नाहीं, जपानी संस्कृतीचें गूढ तर मुळींच नाहीं. एखाद्या कारकुनानें घराजवळचा नळ बिघडला म्हणून दुसरी खोली पाहावी, तितक्या शांतपणें हा मनुष्य आपल्या आयुष्यांतील एक मोठा फेरबदल सांगून जातो.

आणि मुख्य गोष्ट ही कीं तें कारण पुढें कोठेंहि फुगत नाहीं. आपल्या शरीराचा कल लठ्ठ होण्याकडे आहे, पत्नीनें मात्र कितीहि खाल्लें तरी तिला कांहीं होत नाहीं, असें ते एके ठिकाणीं लिहितात. आणि थोडा विचार करून, आपला कल हीच आपली देणगी आहे असें ठरवितात, कारण त्यामुळें व्यायाम केल्यावांचून गत्यंतर राहत नाहीं. हें वाचून आम्ही मोठ्यानें हंसलों. आमच्याहि घरीं अशीच विषम वांटणी आहे. १९८३ च्या उन्हाळ्यांत ते अथेन्सपासून मॅरेथॉनपर्यंत, म्हणजे आख्यायिकेच्या उलट दिशेनें, एकटे धांवले. ग्रीस देश, तो पुरातन रस्ता, तीं नांवें! दुसरा एखादा लेखक असता तर येथें दहा पानें इतिहासाला दिलीं असतीं. मुराकामी त्या रस्त्यावर वाहनांखालीं सांपडलेलीं कुत्रीं व मांजरें मोजतात, थंड बीयरचें चिंतन करतात, आणि ती अखेर मिळाल्यावर चिंतनांतल्या बीयरइतकी ती चांगली नव्हती असें नोंदवून ठेवतात. निरोप नसलेल्या धांवणाऱ्याचें याहून खरें चित्र आम्हीं पाहिलेलें नाहीं.

ग्रंथाचें उत्तम प्रकरण मात्र दुसरें आहे. १९९६ च्या जून महिन्यांत होक्काइदो बेटावरील सारोमा सरोवराच्या कांठीं ते १०० किलोमीटरांची शर्यत धांवले. त्यांस साडेअकरा तासांहून अधिक वेळ लागला. अर्ध्यानंतर पाय बंड करूं लागले. पाऊणशें किलोमीटरांच्या सुमारास कांहीं तरी आरपार निघून गेल्यासारखें झालें, आणि तेथून पुढें शरीर आपोआप चालत राहिलें. येथें शीहन यांच्या तोंडून ब्रह्मसूत्रेंच बाहेर पडलीं असतीं. मुराकामी तो अनुभव जपून, दुरूनच लिहितात, आणि लगेच त्याची किंमत सांगतात: या दिवसानंतर त्यांची धांवण्याची आवडच ओसरली. ती पूर्वीसारखी परत यावयास वर्षें लागलीं. परमोच्च क्षण हा पुढील प्रवासाचें बळ नसून कधीं कधीं तोच प्रवासाचा रस आटवितो, ही गोष्ट या वाङ्मयांत दुसऱ्या कोणीं इतक्या उघडपणें सांगितल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. आरंभाच्या कारणाचा आणि चालूं ठेवण्याच्या कारणाचा परस्परांशीं संबंध थोडा आहे, हें येथें कळतें. सिगरेट तर केव्हांच सुटली होती, वजनहि ताब्यांत होतें. ३३ व्या वर्षींचें कारण संपलें होतें. सारोमाला नवें कारण सांपडलें आणि त्याच दिवशीं तेंहि जळून गेलें. तरीहि हा मनुष्य सकाळीं उठून जोडा चढवितच राहिला. त्यानें तें कां केलें हें पुस्तकांत नाहीं, आणि नाहीं तेंच बरें.

दोष नाहींत असें नव्हे. धांवणें हें ज्याच्या पिंडाला मानवतें तो आपण होऊन धांवूं लागतो, दुसऱ्यास उपदेश करून उपयोग नाहीं, असें मुराकामी म्हणतात. शाळेंत सरसकट सर्व मुलांना दूरवर पळावयास लावणें त्यांस क्रूरपणाचें वाटतें. आम्हांसहि वाटतें, गृहपाठ न केल्याबद्दल मैदानाला पांच फेऱ्या मारणाऱ्या पिढीचे आम्ही आहोंत, आणि धांवणें म्हणजे शिक्षा ही गांठ सुटावयास आम्हांस चाळीस वर्षें लागलीं. पण 'पिंड' या शब्दावर थांबणें सोपें आहे. पहाटे उठून एकटेंच बाहेर पडावयास मिळणें यांत पिंडाखेरीज आणखीहि पुष्कळ कांहीं लागतें: मोकळा तास, सुरक्षित रस्ता, आणि घरांत चहा ठेवणारें कोणी. मुराकामी यांची पत्नी पुस्तकांत येते ती क्वचित्, आणि सावलीसारखी. त्या दोघांनीं मिळून दिनक्रम बदलला असें ते सांगतात. पण तो तिला कसा वाटला हें आपणांस समजत नाहीं.

या उणिवेची थोडी भरपाई व्हावी म्हणून कॅथ्रिन स्विट्झर यांचें 'मॅरेथॉन वुमन' हें २००७ चें आत्मचरित्र शेजारीं ठेवावें. १९६७ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्यें २६१ हा क्रमांक लावून त्या धांवत असतां एका अधिकाऱ्यानें त्यांस धरून रस्त्याबाहेर ओढण्याचा प्रयत्न केला, तें छायाचित्र जगभर गाजलें. त्या शर्यतींत स्त्रियांना रीतसर प्रवेश मिळाला तो १९७२ सालीं. आतां एवढा इतिहास घडविणाऱ्या स्त्रीचें आरंभाचें पान पाहावें. बारातेरा वर्षांची मुलगी. तिला शाळेच्या खेळाडूंना प्रोत्साहन देणाऱ्या, नटूनथटून आरोळ्या मारणाऱ्या मुलींच्या जथ्यांत जावयाचें होतें. वडील म्हणाले, दुसऱ्यांसाठीं ओरडण्यापेक्षां स्वतः खेळ. हॉकीच्या संघांत जावयाचें असेल तर रोज एक मैल पळत जा. एवढेंच कारण. स्त्रीजातीचा हक्क त्या पानावर नाहीं, अन्याय नाहीं. हॉकीच्या संघांत जागा मिळावी इतकीच इच्छा आहे. तिनें पुढें जें काय केलें त्याचें बीज याच मैलांत आहे असें कोणी म्हणेल. आम्ही म्हणणार नाहीं. बीजांत वृक्ष पाहण्याची खोड चरित्रकारांची आहे. त्या मुलीला वृक्ष ठाऊक नव्हता. तिला रोजचा मैल ठाऊक होता.

आमच्याकडे व्यायामाचें वाङ्मय पाहिलें तर त्यांत असें क्षुल्लक कारण सांपडणें कठीण. समर्थांच्या मारुतीपासून लोकमान्यांनीं कॉलेजांत शरीर कमावण्यासाठीं खर्चिलेल्या वर्षापर्यंत, बलोपासना ही देशासाठीं व धर्मासाठीं होती. तें त्या काळाला शोभलेंहि. पण त्यामुळें, माझें पोट सुटलें म्हणून मी पळतों, असें म्हणण्याची आम्हांस लाज वाटूं लागली, आणि निदान कागदावर तरी आम्ही अजून राष्ट्रासाठींच सूर्यनमस्कार घालीत असतों.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. हीं सर्व पुस्तकें पोटभर जेवणाऱ्यांचीं आहेत. अॅलन सिलिटो या इंग्रज लेखकाची १९५९ सालची 'दूर पल्ल्याच्या धांवपटूचें एकाकीपण' ही दीर्घकथा या आक्षेपाला फार तिखट शब्दांत मांडते. नॉटिंगहॅमचा एक गरीब मुलगा चोरी करून सुधारगृहांत येतो. तेथील गव्हर्नराला शर्यतीचा चषक हवा, म्हणून त्याला पहाटे फाटकाबाहेर पळावयास सोडण्यांत येतें. कारण त्याचें नाहींच, गव्हर्नराचें आहे. शर्यतीच्या दिवशीं तो सर्वांच्या पुढें येतो आणि शेवटच्या फितीअलीकडे मुद्दाम थांबतो. चषक जातो. दुसऱ्यानें दिलेलें कारण परत करण्याचा त्याच्याजवळ तेवढाच एक मार्ग होता. दुसरें उदाहरण आमच्या बारामतीचें. लताबाई करे या साठीच्या आसपासच्या बाई, पतीच्या उपचारासाठीं पैसा नव्हता म्हणून, बक्षिसाची रक्कम मिळावी या हेतूनें नऊवारी नेसून अनवाणी शर्यतींत उतरल्या आणि जिंकल्या. २०२० सालीं त्यांच्यावर मराठी चित्रपट आला. त्यांत त्यांनीं स्वतःचीच भूमिका केली, व ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला. लताबाईंना मॅरेथॉनचा तो आद्य धांवणारा समजला असता. त्यांच्याजवळ निरोप होता.

आमच्या कॉलेजच्या मैदानावर पहाटे साडेपांचला पोलीसभरतीची तयारी करणारीं मुलें येतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. त्याच्या सेकंदासेकंदावर गुण आहेत आणि गुणांवर नोकरी आहे. पुष्कळ जण आसपासच्या खेड्यांतून येऊन खोली करून राहिलेले आहेत. आम्ही आंतल्या कडेनें रखडत असतां तीं आमच्या बाजूनें वाऱ्यासारखीं निघून जातात. 'आजोबा, बाजूला' असें पूर्वीं म्हणत. आतां ओळख झाल्यामुळें 'सर, बाजूला' म्हणतात. त्यांतील एकानें एकदां पाणी पितांना विचारलें, "सर, तुम्हीं कशाला पळतां? तुमची तर नोकरी लागलेली आहे." हा प्रश्न फिक्स यांच्या दहा लाख वाचकांपैकीं किती जणांस कोणीं विचारला असेल? मुराकामी यांच्या शांतपणाला त्यापुढें थोडा कमीपणा येतो हें आम्ही मान्य करतों. पण त्या मुलाला भरती झाल्यावर हें मैदान पुन्हां पाहावेंसें वाटेल कीं नाहीं, हेंहि आम्ही त्या वेळीं मनांत म्हटलें. त्याचें कारण खणखणीत आहे, म्हणूनच तें एके दिवशीं पुरें होईल.

ज्यांना यांतलें एकच पुस्तक घ्यावयाचें असेल त्यांनीं मुराकामी यांचें घ्यावें. इंग्रजी सोपें आहे, घरांतील कॉलेजांत जाणारीं मुलेंहि वाचूं शकतील. फिक्स यांचा जाड ग्रंथ जुन्या पुस्तकांच्या दुकानांत मिळाला तर सोडूं नये. त्यांतील बुटांवरचा मजकूर आतां कालबाह्य झाला आहे, माणसांवरचा झालेला नाहीं. शीहन ग्रंथालयांतून आणून वाचले तरी चालतील.

मुराकामी यांचें पुस्तक सध्यां आमच्या घरांत स्वयंपाकघराच्या खिडकींत पालथें पडलेलें असतें. दुपारच्या वेळीं तें तेथें वाचलें जात आहे. परवां रात्रीं जेवणानंतर आम्हांस एक प्रश्न आला: यानें सिगरेटी आणि वजन यांसाठीं धांवावयास घेतलें, तें एक असो, आपण कशासाठीं घेतलें? चैत्रांतल्या त्या सोमवारीं आपण कोणास न सांगतां उठून गेलांत, आणि त्या आधीं दोन रात्रीं आपणांस झोंप नव्हती, तें मला ठाऊक आहे. वरील सर्व पानें आम्हीं तोंवर लिहून ठेवलेलीं होतीं. आम्हीं साखरेचा आंकडा सांगितला.